मानेचे दुखणे, शस्त्रकर्म आणि वैद्याचे कर्तव्य

"डॉक्टर, तुमच्या औषधाने ऑपरेशन टळले", हे वाक्य रुग्णाच्या तोंडून ऐकून ज्याला समाधान वाटत नाही असा वैद्य विरळाच. त्या समाधानात गैर काही नाही. मानेच्या दुखण्याने त्रस्त झालेल्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रकर्माची गरज नसतेच आणि योग्य चिकित्सेने ते बरे होतात, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. परंतु या समाधानाचे रूपांतर जेव्हा व्यवसायाच्या अभिमानात होते, आणि "आमच्याकडे ऑपरेशनशिवाय मणक्याचे आजार बरे होतात" अशी पाटी दवाखान्याच्या दारावर चढते, तेव्हा मात्र थांबून विचार करणे आवश्यक ठरते. कारण मानेच्या व्याधींचा एक लहानसा गट असा आहे की ज्यात शस्त्रकर्म टळले याचा अर्थ रुग्णाचे हातपाय गेले असा होऊ शकतो.

या गटाविषयी आपल्या व्यासपीठावर पुरेशी चर्चा होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रीवाबस्ती, नस्य, पत्रपोट्टली यांवरील अनुभवकथन भरपूर होते. कोणत्या रुग्णाला ग्रीवाबस्ती द्यावयाची नाही, हे सांगणारे लेखन तुलनेने थोडे आढळते. ती उणीव काही अंशी भरून काढावी, या हेतूने हा लेखनप्रपंच आहे.

आपल्या परिसरातील रुग्ण

ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे मन्याशूलाचा रुग्ण आला नाही असा दिवस जात नाही. याची कारणे शोधण्यास ग्रंथ उघडण्याची आवश्यकता नाही. मुंबईपासून डोंबिवली सुमारे अठ्ठेचाळीस आणि कल्याण सुमारे चोपन्न किलोमीटर अंतरावर आहे. हे अंतर रोज दोन वेळा, पाठीवर किंवा छातीवर पिशवी घेऊन, वरच्या दांड्याला लोंबकळत, शेजाऱ्याच्या खांद्याखाली मान वाकवून कापणारे लक्षावधी लोक येथे राहतात. कार्यालयात दिवसभर संगणक आणि परतीच्या प्रवासात मोबाईल असतो. शिळफाट्याच्या रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्याच्या मानेला पावसाळ्यात किती हिसके बसतात, हे त्यालाच ठाऊक. कल्याणच्या बाजार समितीत पाठीवर आणि डोक्यावर पोती वाहणारे हमाल आहेत, टोपली डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या भाजीवाल्या आणि मासळी विकणाऱ्या भगिनी आहेत, औद्योगिक वसाहतीत यंत्रावर तासन् तास वाकून उभे राहणारे कामगार आहेत.

यांपैकी बहुतेकांची मान दुखते ती स्नायूंच्या ताणाने किंवा मणक्यांच्या वयपरत्वे होणाऱ्या झिजेने. काहींत मणक्यांमधील चकती बाजूस सरकून हाताकडे जाणाऱ्या नाडीवर दाब येतो. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ येते, मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही. हा प्रकार भयंकर वेदनादायी असला तरी त्यातील बहुतांश रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रकर्माविना सुधारतात, हे आधुनिक शास्त्रही मान्य करते. येथे आपल्या चिकित्सेला मोठे क्षेत्र आहे आणि ते आपण आत्मविश्वासाने सांभाळावे.

प्रश्न उरतो तो तिसऱ्या प्रकाराचा. सरकलेली चकती, वाढलेले हाड किंवा मणक्यामागील जाड झालेला अस्थिबंध जेव्हा खुद्द मज्जारज्जूवरच दाब देतो, तेव्हा चित्र पालटते. आणि येथे वैद्याची फसगत करणारी गोष्ट अशी की या प्रकारात वेदना पुष्कळदा अल्प असते, कधी कधी नसतेच.

वेदना आणि कर्महानी

आपल्या ग्रंथांकडे या दृष्टीने पाहिले तर एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. विश्वाचीचे वर्णन करताना आचार्यांनी बाहूच्या कंडरा दूषित होण्याबरोबर बाहूच्या कर्माचा क्षय सांगितला आहे. म्हणजे व्याधीची ओळख केवळ शूलाने नव्हे, तर हाताचे काम थांबण्याने करून दिलेली आहे. मर्मविचारातही हेच दिसते. शिर आणि ग्रीवा यांच्या संधीवरील कृकाटिका या मर्मांची गणना सुश्रुताचार्यांनी वैकल्यकर मर्मांत केली आहे. मानेच्या ठिकाणचा आघात माणसाला विकल करून सोडू शकतो, याची जाणीव त्या गणनेत आहे.

व्यवहारात मात्र आपण रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो तो "दुखणे कसे आहे?" आणि तो "बरे आहे" म्हणाला की चिकित्सा योग्य दिशेने चालली आहे असे समजतो. योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा, अभ्यंग आणि स्वेदन यांनी शूल कमी होतो, स्तंभ कमी होतो, मान वळू लागते. पण मज्जारज्जूवर दाब असेल तर तो या उपायांनी दूर होत नाही. वेदना शमते, रुग्ण निर्धास्त होतो, वैद्य निर्धास्त होतो आणि आतील हानी मात्र चालूच राहते. आपल्या औषधांचा शूलहर गुण हीच अशा वेळी रुग्णाच्या दृष्टीने धोक्याची बाब ठरते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, मानेच्या प्रत्येक रुग्णाला दर भेटीत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: दुखणे किती आहे आणि काम किती अडते आहे?

हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्ण वैद्यकीय भाषेत देत नाही. सदऱ्याची बटणे लावताना वेळ लागतो. सुईत दोरा ओवता येत नाही. पोळी लाटताना हात वळत नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि निसटलेली कळतही नाही. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. मान पुढे वाकवली की पाठीतून पायापर्यंत विजेसारखी झिणझिणी जाते. लघवीला घाईने जावे लागते किंवा सुरू होण्यास वेळ लागतो. यांपैकी एकही तक्रार रुग्ण आपणहून "मानेची" म्हणून सांगत नाही. बटणांची तक्रार वयावर ढकलली जाते, मुंग्यांची मधुमेहावर, लघवीची प्रोस्टेटवर आणि चपलेची तक्रार तर कोणी सांगतच नाही.

पाच मिनिटांची परीक्षा

यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. रुग्णाला दहा सेकंदांत जितक्या वेळा शक्य असेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडण्यास सांगावे. निरोगी माणूस साधारण वीस वेळा करतो. संख्या बरीच कमी भरली तर सावध व्हावे. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावले चालवावे. पाय जुळवून डोळे मिटून उभे करावे. हातोडीने गुडघ्याची आणि कोपराची प्रतिक्षिप्त क्रिया पाहावी. ती मंद असेल तर नाडीमुळाचा विचार करावा, अतितीव्र असेल तर मज्जारज्जूचा. मधल्या बोटाचे अग्र टिचकीने खाली दाबून सोडले असता अंगठा आत वळतो का, तळपाय खरवडला असता पायाचा अंगठा वर जातो का, हे पाहावे. खांदा उचलणे, कोपर वाकवणे, कोपर सरळ करणे, मूठ आवळणे या क्रमाने दोन्ही हातांचे बल तोलावे. हे सर्व बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात आपण शिकलेलो आहोत. दवाखान्याच्या गर्दीत हातोडी खणात पडून राहते, इतकेच.

याशिवाय ताप, रात्री वाढणारी वेदना, वजन घटणे, पूर्वी झालेला अर्बुद, अपघात किंवा पडणे यांपैकी काही इतिहास असल्यास तो मन्याशूल साधा मानू नये. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही दुर्मीळ नाही. डाव्या हाताच्या दुखण्यात हृदयाचाही विचार मनात असावा.

परीक्षेत मज्जारज्जूची लक्षणे आढळली, हाताचे बल उतरत चालले, किंवा योग्य चिकित्सेनंतरही बारा आठवड्यांत असह्य वेदना कमी झाली नाही, तर रुग्णाला मणक्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. यांपैकी पहिल्या दोन स्थितींत "अजून एक महिना पाहू" हे शब्द उच्चारू नयेत. लघवी किंवा मलप्रवृत्तीवरील ताबा गेला असेल किंवा पाय झपाट्याने दुर्बल होत असतील, तर त्याच दिवशी पाठवावे. दुसऱ्या बाजूस, केवळ एम.आर.आय.च्या कागदावर चकती फुगलेली दिसते म्हणून कोणाला शस्त्रकर्माच्या भीतीत लोटू नये. चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या कित्येकांच्या चित्रातही तसे बदल आढळतात. चित्र आणि लक्षणे यांचा मेळ बसला तरच त्या चित्राला अर्थ आहे.

दोन उदाहरणे

डोंबिवलीत राहणारे आणि मुंबईत नोकरी करणारे पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. त्यांची तक्रार मानेची नव्हतीच. मान वर्षभरापूर्वी दुखत होती आणि अन्यत्र घेतलेल्या औषधांनी ती थांबली होती. त्यांची अडचण अशी की बँकेने त्यांचा धनादेश परत पाठविला होता, कारण स्वाक्षरी जुळत नव्हती. हात थरथरतो, यावर काही शक्तिवर्धक औषध द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. परीक्षेत दहा सेकंदांत मूठ अकरा वेळा उघडली, गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होत्या आणि सरळ रेषेत चालताना तिसऱ्या पावलावर तोल गेला. आम्ही औषध न देता चिठ्ठी दिली. एम.आर.आय.मध्ये दोन पातळ्यांवर मज्जारज्जू दबलेला आढळला. महिन्याच्या आत मानेच्या पुढील बाजूने शस्त्रकर्म झाले. तिसऱ्या महिन्यात चप्पल निसटणे थांबले आणि सहाव्या महिन्यात स्वाक्षरी ओळखू येण्याजोगी झाली. दोन बोटांची बधिरता मात्र आजही आहे. दाब आणखी आधी हटला असता तर ती राहिली असती का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. परंतु मज्जारज्जूवरील दाब जितका दीर्घकाळ राहतो तितकी पूर्ववत होण्याची आशा कमी होते, हे निश्चित आहे.

दुसरे उदाहरण सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे मानेच्या दुखण्यासाठी गिरगावातील सर एच. एन. रिलायन्स फाउंडेशन रुग्णालयात दाखल झाले. कोविडच्या काळात मान वर करण्यास उसंत मिळाली नाही आणि दुखण्याकडे दुर्लक्ष झाले, अशा आशयाचे निवेदन त्यांनी त्या वेळी केले होते. 12 नोव्हेंबर रोजी त्यांच्यावर शस्त्रकर्म झाले आणि 2 डिसेंबर रोजी ते घरी परतले. पुढे जुलै 2022 मध्ये 'सामना'ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्वतः सांगितले की, शस्त्रकर्मानंतर सुधारणा होत असताना अचानक मानेखालील हालचाल थांबली होती, रक्ताची गुठळी झाल्याचे निष्पन्न झाले आणि तातडीने पुन्हा शस्त्रकर्म करावे लागले. त्यानंतर ते हिंडू-फिरू लागले, हे सर्वांनी पाहिले.

राजकारण हा या त्रैमासिकाचा विषय नव्हे आणि आमचाही नव्हे. वैद्य म्हणून या घटनाक्रमातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कामाच्या ओझ्याखाली मानेकडे दुर्लक्ष करणे हे मुख्यमंत्र्यापासून हमालापर्यंत सर्वांच्या बाबतीत सारखेच घडते. आणि मानेचे शस्त्रकर्म ही किरकोळ बाब नाही. त्यात गंभीर उपद्रव संभवतो, तो वेळेत ओळखला तर माणूस वाचतो आणि त्यासाठी तज्ज्ञ व सुसज्ज रुग्णालय हाताशी असावे लागते. म्हणून शस्त्रकर्माची निष्कारण भीती घालणे जितके चूक, तितकेच "काही नाही, छोटेसे ऑपरेशन आहे" असे म्हणणेही चूक आहे.

शस्त्रकर्म काय करते आणि काय करत नाही

मानेच्या पुढील बाजूने जाऊन चकती काढणे आणि दोन मणके जोडणे ही पद्धत 1950च्या दशकात अमेरिकेत स्मिथ व रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी प्रचारात आणली. मागील बाजूने मणक्याची कमान दारासारखी उघडून मज्जारज्जूला जागा करून देण्याची पद्धत 1970च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. आज निवडक रुग्णांत कृत्रिम चकतीही बसविली जाते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मज्जारज्जूवरील दाबाच्या मध्यम आणि तीव्र अवस्थेत शस्त्रकर्माची शिफारस केली आहे. सौम्य अवस्थेत शस्त्रकर्म किंवा देखरेखीखालील व्यायामचिकित्सा, असे दोन पर्याय दिले आहेत आणि लक्षणे वाढल्यास शस्त्रकर्म सांगितले आहे.

रुग्णाला हे समजावून सांगताना अपेक्षा योग्य ठेवाव्यात. नाडीमुळावरील दाब हटल्यावर हातातील कळ पुष्कळदा लवकर थांबते. बधिरता सावकाश जाते. मज्जारज्जूच्या बाबतीत मुख्य हेतू पुढील हानी थांबविणे हा असतो. गेलेले बल किती परत येईल, हे दाबाची तीव्रता, काळ आणि वय यांवर अवलंबून असते आणि सुधारणा अनेक महिने चालते. पुढील बाजूने शस्त्रकर्म झाल्यावर काही काळ घास गिळताना त्रास होणे किंवा आवाज बसणे हे संभवते. जोडलेल्या मणक्यांच्या वरखालील चकत्यांवर पुढील काळात ताण येऊ शकतो. हे आधीच सांगितलेले असले की रुग्ण घाबरत नाही आणि शल्यचिकित्सकावर अकारण रोषही धरत नाही.

पश्चात्कर्म

सुश्रुताचार्यांनी पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे त्रिविध कर्म सांगितले आहे. प्रधानकर्म दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे आपले काम संपले, असे मानण्याचे कारण नाही. आमच्या मते आपले खरे काम पश्चात्कर्मात आहे. शस्त्रकर्मानंतर रुग्ण घरी येतो तो कॉलर लावून, भेदरलेला, मलावष्टंभाने त्रस्त आणि झोप उडालेला. रुग्णालयात त्याला कोणी भेटणारे नसते असे नव्हे, परंतु त्याचे घर आपल्या दवाखान्यापासून पाच मिनिटांवर असते.

प्रथम काय करू नये ते सांगतो. जखम पूर्ण भरेपर्यंत तिच्यावर तेल, लेप, चूर्ण यांपैकी काहीही लावू नये. मणके जुळून आल्याचे शल्यचिकित्सकाने सांगेपर्यंत मानेवर अभ्यंग, ग्रीवाबस्ती, मर्दन किंवा कर्षण करू नये. नस्याचा मोह या काळात कटाक्षाने टाळावा. नस्यासाठी मान मागे कलवावी लागते आणि नेमकी तीच क्रिया या रुग्णाला वर्ज्य असते. मणके जुळण्यास तीन महिन्यांपासून एका वर्षापर्यंत काळ लागतो. कॉलर किती काळ ठेवावी, व्यायाम केव्हा सुरू करावा, दुचाकी किंवा लोकलचा प्रवास केव्हापासून, हे निर्णय शल्यचिकित्सकाचे आहेत. त्यात आपण परस्पर बदल करू नये.

आता करण्याजोगे. अग्नी आणि कोष्ठ यांकडे प्रथम लक्ष द्यावे. वेदनाशामक औषधांनी मलावष्टंभ होतो आणि कुंथण्याने त्रास वाढतो. मृदू अनुलोमन, कोमट पाणी, मनुका यांनी तो बहुधा आटोक्यात येतो. गिळण्यास त्रास असेल तोवर मऊ भात, मुगाचे कढण, पेज, दूध-तूप द्यावे. पायांना हलके अभ्यंग, घरातल्या घरात थोडे थोडे चालणे आणि नियमित झोप यांनी रुग्णाला धीर येतो. मधुमेह असल्यास तो नियंत्रणात ठेवावा. जखम भरल्यानंतर शल्यचिकित्सकास कळवून बृंहण चिकित्सेकडे वळावे. अस्थिवह स्रोतसाच्या विकारांत सांगितलेले तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर, सर्पि आणि बस्ती यांचा विचार काही महिन्यांनंतर, रुग्णाचे बल पाहून करता येतो.

एका बाबीवर विशेष भर द्यावासा वाटतो, ती म्हणजे तंबाखू. तंबाखूने हाड जुळण्यात अडथळा येतो. आपल्याकडील अनेक भगिनी मशेरीला तंबाखू मानतच नाहीत आणि रुग्णालयात "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देतात. मशेरीविषयी नाव घेऊन विचारणे आणि ती सोडविणे हे काम घरच्या वैद्याइतके चांगले कोणी करू शकत नाही.

शस्त्रकर्मानंतर घरी आलेल्या रुग्णास मानेवर सूज, श्वास घेण्यास त्रास, ताप, जखमेतून स्राव, किंवा हातापायांत नव्याने दुर्बलता आढळल्यास कोणतेही औषध देण्यात वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. वर दिलेल्या दुसऱ्या उदाहरणावरून तासांचे मोल किती असते, हे ध्यानात यावे.

औषधविक्रेते बंधूंना विनंती

मानेच्या रुग्णाची पहिली पायरी पुष्कळदा दवाखाना नसून औषधाचे दुकान असते. "मानेसाठी काहीतरी द्या" म्हणणाऱ्या ग्राहकाला तेलाची बाटली देण्यास हरकत नाही. परंतु तोच ग्राहक तिसऱ्या महिन्यातही तेच मागत असेल, तर "वैद्यांना दाखवलेत का?" एवढे विचारावे. पैसे मोजताना त्याच्या हातून नाणी निसटत असतील तर अवश्य विचारावे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, वातविध्वंस रस यांसारखे विषद्रव्ययुक्त कल्प हे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाचे आहेत. ते चिठ्ठीविना महिनोन् महिने देऊ नयेत.

नावपत्ता नसलेल्या "सांधेदुखीच्या पुड्या" दुकानात ठेवूच नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याच्या घटना आपणांस ठाऊक आहेत. त्यांनी वेदना तर झाकली जातेच, शिवाय शस्त्रकर्माच्या वेळी भूलतज्ज्ञासमोर अनपेक्षित संकट उभे राहते. त्या बऱ्याच काळ घेतलेल्या रुग्णाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. शस्त्रकर्म ठरलेल्या रुग्णास तो घेत असलेल्या सर्व कल्पांची यादी लिहून द्यावी. गुग्गुळ, लसूण आदी द्रव्यांचा रक्त गोठण्यावर परिणाम होण्याची शक्यता असल्याने पूर्वनियोजित शस्त्रकर्मापूर्वी सर्वसाधारणपणे दोन आठवडे ती थांबविण्याचा संकेत आहे. यादी हाती असली म्हणजे भूलतज्ज्ञ योग्य तो निर्णय घेतो.

केशकर्तनालयात मान "मोडून" घेण्याच्या सवयीविषयीही दोन्ही ठिकाणी बोलले जावे. मानेस दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीस इजा होऊ शकते आणि आधीच दबलेल्या मज्जारज्जूस तो झटका फार महागात पडतो.

आक्षेपांचा विचार

आमच्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, रुग्ण पाठवावा तर तो आपल्यापासून दुरावतो. आमचा अनुभव उलट आहे. वेळेवर पाठविलेला रुग्ण परत येतो आणि कुटुंबासह येतो. शिवाय प्राचीन आचार्यांना ही भीती नव्हती. कायचिकित्सेचे अध्वर्यू असलेल्या चरकाचार्यांनी गुल्माच्या पक्व अवस्थेत धान्वंतर संप्रदायाचा अधिकार निःसंकोचपणे मान्य केला आहे. त्यांचा संप्रदाय त्यामुळे लहान झाला नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी अठ्ठावन्न शस्त्रकर्मांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात आपण सर्वांनी सुश्रुताचा वारसा अभिमानाने सांगितला. मणक्याचे शस्त्रकर्म त्या सूचीत नाही. परंतु जो समाज सुश्रुताला शस्त्रकर्माचा आद्य आचार्य म्हणतो, त्याच समाजाने रुग्णासमोर शस्त्रकर्माला नावे ठेवावीत, ही विसंगती आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. हमालाला किंवा टोपलीवालीला खाजगी रुग्णालयाचा खर्च परवडणारा नाही. पण म्हणून तिला तेलाची बाटली देऊन परत पाठविणे हे उत्तर नव्हे. मध्य रेल्वेच्या याच मार्गावर शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी मज्जासंस्थेच्या शस्त्रकर्माचे विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडे चौकशी करता येते. ही माहिती, रांग कोठे लावावी आणि कोणते कागद न्यावेत यासह, रुग्णाच्या हाती देणे हे चिकित्सेचेच अंग आहे.

शेवटी संघटनेपुढे तीन सूचना ठेवतो. मज्जारज्जूच्या लक्षणांचा आणि वर सांगितलेल्या परीक्षांचा एक पानी तक्ता छापून ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात आणि औषधालयात लावावा. रुग्ण पाठविताना द्यावयाच्या चिठ्ठीचा एकच नमुना ठरवावा, ज्यात लक्षणांचा काळ, हातांचे बल, प्रतिक्षिप्त क्रिया आणि चालू औषधे यांच्या जागा असतील. आणि वर्षातून एकदा परिसरातील मणक्याच्या शल्यचिकित्सकास आपल्या सभेत निमंत्रित करून त्याचे ऐकावे, तसेच पश्चात्कर्मात आपण काय करू शकतो ते त्याला सांगावे. पहिल्या दोन सूचनांचा मसुदा आम्ही तयार केला असून तो कार्यकारिणीकडे सादर करीत आहोत. सभासदांनी त्यात भर घालावी, त्रुटी दाखवाव्यात, आणि तोवर प्रत्येकाने खणातील हातोडी बाहेर काढून टेबलावर ठेवावी, ही विनंती.